जळल्यानंतर काय लागतं

कट्टा,
१४ मार्च २०२४

चि. स्वरूप,

बाबा पीत नाहीत. हे आधी लिहिते, म्हणजे तू कागद खाली ठेवणार नाहीस. आई गेली त्या वर्षी देवीसमोर तुझ्यादेखत त्यांनी नारळ ठेवला, त्याला आता अठरा वर्षं होत आली. त्या शब्दाला त्यांनी अजून धक्का लावलेला नाही. प्यायले ती मी.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबांचं नाव निघालं की तुला लगेच काम निघतं. पत्रही बंद करता येतं म्हणा. पण बंद केलेलं पत्र माणूस पुन्हा उघडतो.

झालं असं. माझे गुडघे धरलेत हे तुला माहीत आहे. शेवंती, माझ्याबरोबर आरोग्य केंद्रात नर्स होती ती, आता आरोंद्याला असते. खाडी ओलांडली की गोवा. तिने गुडघ्यांना चोळायला काजूची फेणी आणून दिली. कशी आणली ते तू विचारू नकोस, मीही विचारलं नाही. मी माजघरात बूच काढलं आणि बाहेर खळ्यातून बाबांचा आवाज आला, "ही घाईत गाळलेली आसा."

मला वाटलं, कोणाशी तरी बोलतायत. बाहेर जाऊन पाहिलं तर एकटेच खुर्चीवर बसलेले, डोळे मिटून. म्हणाले, बाटली इकडे आण. मी नाही म्हटलं, शब्दाची आठवण करून दिली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "शब्द दिललंय तो जिभेचो. नाकाचो नाय."

मी बाटली लांब धरून त्यांना वास दिला. त्यांनी तो इतका सावकाश घेतला, की मला आरोग्य केंद्रातली दम्याची माणसं आठवली. मग त्यांनी मला सांगितलं, "तू घे गो वायच. माका सांग, कशी लागता ती."

स्वरूप, मला अठ्ठावन्न वर्षं झाली आणि दारूचा थेंब माझ्या जिभेला कधी लागलेला नव्हता. नोकरीत मी पोट फुगलेल्या माणसांच्या उशाशी उभी राहिले. घरात आईच्या बाजूला उभी राहिले. गावातल्या बायका घेऊन गुत्ता बंद करायला गेले तेव्हा सगळ्यांत पुढे मीच होते. पण ज्या गोष्टीवर इतकी वर्षं चिडले ती कशी लागते, हे मला ठाऊक नव्हतं. मला एकदम त्याचीच लाज वाटली. खोकल्याच्या औषधाच्या मापात जराशी ओतली आणि प्यायले.

"जळता," मी म्हटलं.

"तां माका खबर आसा. जळल्यानंतर काय लागता?"

जळल्यानंतर काय लागतं हे बघायला मी थांबलेच नव्हते, तांब्या उचलला होता. त्यांनी हाताने थांबवलं. मग आली रे चव. आपल्या बागेत उन्हाच्या वेळी गळलेले काजूचे बोंडू पायाखाली येऊन जमीन चिकट होते, तेव्हा येतो तो वास, पण नाकात नाही, घशाच्या मागच्या बाजूला. मी तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "मगे?" मी म्हटलं, मग काही नाही. ते म्हणाले, "आसा. तुका गावला नाय."

तेव्हापासून माझं लक्ष लागत नाहीये. काय आहे ते मागे?

तुझी,
ताई

कट्टा,
३० मार्च २०२४

चि. स्वरूप,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी का असेनात, तुझ्या हातच्या आहेत. तू लिहिलंस, "त्यांची तलफ आता तुझ्या तोंडून भागते आहे." दोन दिवस ते वाक्य माझ्याबरोबर फिरत होतं. शेवटी मी ते बाबांना वाचून दाखवलं. राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "तेचा खोटा नाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण सगळाच खरा नाय."

आम्ही चहाच्या वेळी बसतो, खळ्यात, उजेडात. काळोखात चव कळत नाही असं त्यांचं म्हणणं. औषधाचं ते एकच माप, तेही अर्धं. आता शेवंतीने हुर्राक पाठवली आहे, पहिल्या धारेची, हलकी, काजूच्या दिवसांतच मिळते ती. ती फेणीसारखी अंगावर येत नाही. बाबा आधी वास घेतात, मग मी घोट घेते, मग ते विचारतात आणि मी सांगते. चुकले की हसतात. मी त्यांना हसताना किती वर्षांनी पाहिलं असेन!

एकदा मीच त्यांना उलट विचारलं, तुम्हाला हे सगळं कधीपासून कळतं? मला वाटलं होतं, तरुणपणापासून. ते म्हणाले, विसाव्या वर्षी नाक दाबून प्यायचो. नवसागर घातलेली गावठी. घोट गिळून कोण खोकत नाही ते बघायचं, एवढाच खेळ. चव विचारली असती तर बाकीचे हसले असते. तिशीत कट्ट्याला ट्रकवाल्यांबरोबर रम, त्यात गोड थंड पेय ओतून. तेव्हा दारूपेक्षा सोबत आवडायची. त्याच सुमारास आरोंद्याच्या होडीच्या तरीवर त्यांना एक म्हातारा भेटला होता. एवढासा पेला घेऊन सबंध दुपार बसला होता. "माका वाटला, कंजूष आसा," बाबा म्हणाले. आता त्यांना त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटतं. तो केव्हाच मेला असणार.

मग मी चाळिशीचं विचारलं. तू घरात होतास ती वर्षं. बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "चाळिशीत माका चव नव्हती. सकाळी हात थरथरत, ते थांबले काय झाला. पाण्यान थांबले असते तर मी पाणी पिलंय असतंय."

आणि यानंतर जे सांगितलं ते मला अजून नीट उलगडलेलं नाही, म्हणून तुला लिहिते. सोडल्यानंतर तिसऱ्या वर्षी, मार्चमध्येच, ते इथेच बसले होते आणि वाऱ्याबरोबर कोणाच्या तरी बागेतला वास आला. त्यांना कळलं, की हे बोंडू काल गळलेले आहेत, आज गळलेले नाहीत, आणि कोणीतरी ते सावलीत ठेवले आहेत. जन्मभर ते याच फळाची दारू प्यायले आणि हा फरक त्यांना पहिल्यांदा कळला तो रिकाम्या तोंडाने. त्यानंतर दर वर्षी थोडं थोडं जास्त कळत गेलं. म्हणजे ते पीत होते तोवर त्यांची जीभ वयात आलीच नाही, आणि सोडल्यावर आली. असं होतं का रे? तू रसायनवाला आहेस. तुझ्या साखर कारखान्याच्या मळीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तुला त्यातले टक्के कळतात. वास कसा येतो, ते कधी बघितलंस का?

उत्तर दे. चार ओळी चालतील.

ताई

कट्टा,
१९ मे २०२४

चि. स्वरूप,

तू फोन केलास याचा मला आनंद झाला, आणि तू ओरडलास म्हणून मी तो लपवला. आता झालं ते सरळ लिहिते. दिव्याने तुला घाईघाईत काय सांगितलं कोण जाणे.

तुझी लेक ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर तोंडवलीला समुद्रावर आली होती. एक दिवस आजोबांना भेटायला म्हणून रिक्षा करून इथे आली. तू तिला पाठवलं नव्हतंस हे मला माहीत आहे. येताना तिच्या पिशवीत गोव्याहून घेतलेल्या गोड दारूचा एक डबा होता, निळा, वर फळांची चित्रं. तिने तो सरळ आमच्या फ्रीजमध्ये ठेवला. लपवला नाही, हे मला आवडलं. दुपारी तिने तो उघडला तेव्हा बाबांनी हात पुढे केला. त्यांनी नाकाजवळ नेला आणि विचारलं, "ह्यां काय, पेपरमिट?"

दिव्या इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग म्हणाली, आजोबा, मला कडू आवडतच नाही. बाबा म्हणाले, या वयात जिभेला गोडच हवं, तिचा काय दोष. त्यावर तिने आमच्या बाटलीतलं थोडं मागितलं. त्यांनी दिलं नाही. "तुका आज काय कळाचा नाय," एवढंच म्हणाले. स्वरूप, तिला आमच्या घरात थेंबही मिळालेला नाही. तिचं तिने आणलेलं तिने संपवलं, तेही खोटं लिहिणार नाही.

पण ती निघताना त्यांनी तिला जवळ बोलावलं. तुला हे दिव्याने सांगितलेलं नसणार, म्हणून मी लिहिते. ते म्हणाले, "आजो तुका नको म्हणूक लायक नाय. पण येक आयक. राग इलो काय पाणी पी. रडू इला काय पाणी पी. ह्यां घेशीत तेवा तुका कायएक नको असूक व्हया."

तिने ते वाक्य मोबाईलमध्ये लिहून घेतलं. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. मला तरी कुठे पूर्ण कळलंय!

तिला पोचवायला मी तोंडवलीला गेले आणि रात्री यमुनाबाईकडे राहिले. तिच्या दोन्ही नातवंडांची बाळंतपणं माझ्या हातची, त्यामुळे ती मला सोडत नाही. सकाळी तिचा मुलगा माडावरून उतरला आणि तिने मला ताजी माडी दिली. गोड, शहाळ्यापेक्षा गोड, वर जरासा फेस. एक बाटली बाबांसाठी म्हणून घेतली. एसटीत मालवण सोडलं नाही तोच झाकण उडालं आणि माझ्या पिशवीतलं नेसूचं भिजलं. बाकीचे लोक माझ्याकडे बघत होते आणि मी खिडकीबाहेर. घरी पोचेपर्यंत उरलेली आंबून गेली होती. चाखली तर सकाळची ओळखच नव्हती तिच्यात. बाबांनी लांबूनच विचारलं, "झाकण उडाला काय?"

मला आता सगळ्याच गोष्टी चाखून बघाव्याशा वाटतात. परवा कोकमाचं आगळ दोन वेगवेगळ्या घरांतलं आणून जिभेवर ठेवलं. या वयात हे काय सुरू झालं!

ताई

कट्टा,
११ ऑगस्ट २०२४

चि. स्वरूप,

बरेच दिवस लिहिलं नाही. कारण होतं. ते सांगायचं की नाही याचाच विचार करत होते.

आधी दुसरं सांगते. किशोरी येऊन गेली. आमच्या बचत गटाची अध्यक्ष, ती गुत्त्याच्या मोर्चात माझ्या बरोबरीने चालली होती. दारातच उभी राहून म्हणाली, ताई, लोक बोलतायत, तुमच्या परसात बाटल्या दिसतात. मी म्हटलं, दोन दिसत असतील, आहेत, आणि त्यातली मी घेते, औषधाच्या मापाने. ती खाली बसली. मला वाटलं, आता गटातून नाव काढणार. तिने पदर सारखा केला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माजो घो लग्नापासून पिता. ताई, कशी लागता ओ ती?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. तिने पिण्याची इच्छा दाखवली नाही आणि मी विचारलं नाही. जाताना म्हणाली, त्याला विचारलं होतं एकदा, त्याला सांगता आलं नाही.

आता माझं. जुलैत पाऊस असा लागला, की खळ्यात बसणं बंद झालं. आम्ही ओटीवर बसायला लागलो. एक दिवस दुपारी जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते आणि लक्षात आलं, की मी चार कधी वाजतात ते बघतेय. घड्याळाकडे दोनदा बघून झालं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाबा झोपले होते. त्यांना उठवलं नाही, मी एकटीच फेणीचं माप भरलं आणि उभ्या उभ्याच प्यायले. कसं लागलं ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मी ते बघितलंच नाही. नुसतं बरं वाटलं.

स्वरूप, मी नर्स आहे. पुढे काय होतं ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे. त्या संध्याकाळी मी घाबरले. तुझं ते "तलफ" आठवलं.

मी बाबांना सांगितलं. लपवता आलं असतं, पण त्यांच्यापुढे या बाबतीत काही लपेल असं वाटलं नाही. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र असा झाला, जसा आईच्या शेवटच्या आजारात झाला होता. म्हणाले, "वाट बघलंस?"

मी हो म्हटलं.

"आजपासून बंद. वाट बघूक लागला काय चव मेली. माका तां खबर होता आणि मिया तुका सांगूक नाय. माझी चूक."

त्यांनी स्वतः उठून बाटली परसात नेली आणि माडाच्या मुळाशी ओतली. ओतताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं. मी पाहिलं, वाससुद्धा घेतला नाही.

पहिले काही दिवस चार वाजले की हात मोकळे मोकळे वाटत. मग भाताची लावणी संपवायची होती, तिच्यात गेले. आता वाटत नाही. हे तुला कळवायला पाहिजे असं मला वाटलं, कारण तू बरोबर होतास, आणि बाबाही बरोबर होते, की सगळंच खरं नाही.

तुझी,
ताई

कट्टा,
३ मार्च २०२५

चि. स्वरूप,

दिव्याने फोनवर विचारलं, "पप्पा विचारतायत, आत्या थांबली का?" मी म्हटलं, त्याला सांग, थांबली. पण खरं म्हणजे मला त्यापेक्षा याचाच आनंद झाला, की तू माझं पत्र वाचलंस, ठेवलंस आणि इतके महिने मनात ठेवलंस. आता तुला स्वतःला कळवते. सबंध पावसाळा, दिवाळी, थंडी गेली. मी घेतली नाही आणि आठवणही काढली नाही. आठवण आली ती बोलण्याची. चार वाजता आम्ही नुसता चहा घेऊन बसायचो आणि बाबांना विषय सुचायचा नाही. त्यांच्याकडे बोलायला दुसरं काही नाही रे. जन्माचं शहाणपण त्या एकाच गोष्टीत साठलंय आणि ती गोष्ट त्यांना वर्ज्य.

गेल्या आठवड्यात बोंडू पडायला लागले. शेवंती हुर्राक घेऊन स्वतःच आली. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, रविवारी. फक्त रविवारी, आणि आदल्या दिवशी आठवण झाली तर तो रविवार रद्द. काल पहिला रविवार होता.

अर्धं माप. स्वरूप, सात महिन्यांनी ती माझ्या जिभेवर आली आणि मला एकदम कळलं, की गेल्या वर्षी त्यांनी विचारलेलं ते मागचं काय आहे. जळणं जातं, बोंडूचा वास जातो आणि अगदी शेवटी, जवळजवळ काही नसताना, गाळायच्या मडक्याची माती येते. भाजलेल्या मातीसारखी, उन्हात तापलेल्या कौलावर पाणी पडावं तशी. मी सांगितलं तसे बाबा ताठ बसले. "गावला?" म्हणाले. "माका मरासर कोणाक सांगूक गावता काय नाय, असा वाटलेला."

मापात अजून थोडी उरली होती. मला ती नको झाली. जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. मी ती माडाच्या मुळाशी ओतली आणि चहा टाकला.

तू ये. ही टिकत नाही, पावसाआधी संपते. तू पिऊ नकोस. कोणी तुला पी म्हणणार नाही. पण तो माणूस आता ब्याऐंशी वर्षांचा आहे आणि तू त्याला शेवटचं पाहिलंस ते आईच्या बाराव्याला. सोडा म्हणून तू सांगितलंस, ते त्याने केलं. तू मात्र आला नाहीस. मी त्याचा जाब विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय, का?

ताई

कट्टा,
७ एप्रिल २०२५

प्रिय स्वरूप,

तू आलास आणि तासाभरात गेलास. गाडी वळेपर्यंत मी बेड्याशी, फाटकाला धरून, उभी होते. तू मागे बघितलं नाहीस, ते बरं केलंस, नाहीतर मला तुझ्यामागे धावावं लागलं असतं आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत. तू गेल्यावर काय झालं ते तुला कळलं पाहिजे, म्हणून लिहिते.

त्याआधी, जे झालं तेही लिहून काढते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

तू आलास तेव्हा रविवार होता आणि माप टेबलावर होतं. तू ते बघितलंस आणि मला वाटलं, तू दारातूनच परत फिरणार. बाबांनी तुला "बस" म्हटलं. तू बसलास. प्रवास कसा झाला, कारखाना चालू आहे का, दिव्याचं काय, एवढं झाल्यावर दोघांजवळचे शब्द संपले. मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि दाराआड उभी राहिले. मला तिथून दिसत होतं, बाबांचे हात एकमेकांत गुंतलेले. त्यांना तुझ्याशी बोलायचं होतं आणि एकच बोलणं येत होतं. ते माप त्यांनी तुझ्याकडे सरकवलं. म्हणाले, पिऊ नको, तू रसायनवाला, तुला जास्त कळेल, वास घेऊन सांग.

तू ते उचललंस. मला वाटलं, फेकणार. तू नाकाशी धरलंस आणि तसाच राहिलास. आणि मग मालवणीत बोललास. आई गेल्यापासून तुझ्या तोंडून मी मालवणी ऐकलेली नाही.

"गुत्त्यावयसून घराकडे येवची वाट," तू म्हणालास. "तुमचो हात माझ्या गळ्यात. तुमच्या शर्टात माजा नाक. मी धा वर्सांचो. आई माका पाठवी. तुमी पडाल म्हणान मी तुमका धरून हाडी, आणि वास येव नये म्हणान तोंडान श्वास घेय. अजून माका चढ लागलो काय मी तोंडान श्वास घेतंय. ह्यां लागता माका. दुसरा कायएक लागना नाय."

तू माप खाली ठेवलंस, सांडलं नाहीस. आणि उठलास.

मी तेव्हा रत्नागिरीला नर्सिंगला होते. बाबांना घरी कोण आणतं, हे मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, ते आपले येतात.

तू गेल्यावर बाबा हलले नाहीत. मी शेजारी जाऊन बसले. अंधार पडायला आला तेव्हा ते माझ्याकडे वळले. "विनू, माझो वास असोच होतो?"

मी हो म्हटलं.

ते म्हणाले, "सगळे वास माका कळतत. बोंडूचो, मडक्याचो, कोणाची भट्टी खयच्या लाकडावर पेटता तोसुद्धा. ह्यो येक माका कधी येवक नाय."

मग त्यांनी ते माप उचललं. त्यांनी नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. रविवारी घेतात तसा वास नाही घेतला. काहीतरी हरवलेलं शोधतो माणूस, तसा. पुन्हा पुन्हा. शेवटी माप माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "गावना नाय गो." मी ते धुऊन टाकलं. बाटलीत अजून आहे. त्यांनी काय करायचं ते सांगितलेलं नाही आणि मी विचारणार नाही.

रात्री जेवले, थोडंच. झोपताना मला विचारलं, स्वरूप मला कुठल्या वाटेने आणायचा? खालून व्हाळाच्या पाण्याकडून, की वरून देवळाकडून? मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, मलाही माहीत नाही, एकही वाट आठवत नाही, रोज आलो असेन पण एकदाही आल्याचं आठवत नाही.

आज सकाळी मी उठले तर ते घरात नव्हते. काठी नव्हती, चपला नव्हत्या. मी शेजारी विचारलं, बागेत बघितलं. घाबरून तुला फोन लावणार होते. तेवढ्यात व्हाळाच्या बाजूने येताना दिसले, चार पावलं टाकून थांबायचे, पुन्हा चार टाकायचे. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. गुत्ता होता त्या जागेपर्यंत जाऊन, वळून आले होते. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे.

मी पाणी दिलं. ते प्यायले, तोंड पुसलं आणि वाटेकडे बघत म्हणाले, "चढ आसा."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मोठो चढ आसा गो. धा वर्सांच्या पोराक."

त्यांना तुला विचारायचं आहे, कुठे थांबायचास का, बसायचास का, कधी पडलात का दोघं. फोनवर नको म्हणतात. पत्रातही नको म्हणतात. मी फक्त कळवते. उद्या ते देवळाकडची वाट बघायला जाणार आहेत.

ताई